पासवर्ड सांभाळायचा, पण कोणापासून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी बायकांसाठी सायबर सुरक्षेचं एक शिबिर झालं. बचत गटातल्या बाया, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस, चारदोन शिक्षिका, असं सभागृह भरलं होतं. वक्ते तयारीने आले होते. पासवर्डमध्ये नाव, जन्मतारीख नको, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, तो वहीत लिहून ठेवू नका, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. मग एवढे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? तर पासवर्ड मॅनेजर नावाचं ॲप घ्या, ते सगळं लक्षात ठेवतं. पडद्यावर तक्ता आला. चार ॲपची नावं, कुठलं फुकट, कुठलं विकत, कुणाला किती तारे. "आपापल्या गरजेप्रमाणे निवडा," असं म्हणून त्यांनी प्रश्न विचारायला सांगितले.

मागच्या रांगेतून एक आशाताई उठली. "सर, माझ्या फोनचा डिस्प्ले गेलाय. हे ॲप मिस्टरांच्या फोनमध्ये टाकलं तर चालेल का?"

सभागृह हसलं. वक्तेही हसले. म्हणाले, "चालेल की. मिस्टरांपासून काय लपवायचंय?" पुन्हा हशा.

मी हसले नाही असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण मीही हसले. परतताना एसटीत ते हसू उतरलं आणि मग मला स्वतःचाच राग आला. त्या दोन तासांत अख्ख्या सभागृहात कामाचा प्रश्न एकीनेच विचारला होता, आणि आम्ही तो विनोदावारी नेला.

मैत्रिणींनो, वाद मला याच गोष्टीवर घालायचा आहे. 'गरजेप्रमाणे निवडा' म्हणताना गरज कुणी आणि कशी ठरवायची? मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक तक्त्यात चोर बाहेरचा असतो. तो कुठल्यातरी दूरच्या शहरात बसलेला असतो, त्याला आपलं नाव माहीत नसतं, आपला चेहरा त्याने पाहिलेला नसतो. असा चोर आहे, तो बायकांनाही लुटतो, हे खरं. पण समुपदेशन केंद्रात माझ्यासमोर बसणाऱ्या बाईचा चोर तिच्याशेजारी झोपलेला असतो. तिच्या आईचं माहेरचं नाव, लग्नाची तारीख, मुलाचं लाडाचं नाव त्याला पाठ असतं. फोन त्यानेच आणून दिलेला असतो. झोपेत तिचं बोट धरून तो फोन उघडू शकतो. आणि यातलं काहीच जमलं नाही तर तो तिच्या कानाखाली मारून पासवर्ड विचारू शकतो. या चोराचा रकाना एकाही तक्त्यात नाही.

या साधनाला माझा विरोध आहे असा समज होऊ नये, म्हणून आधी त्याची बाजू सांगते. पासवर्ड मॅनेजर म्हणजे एक तिजोरी. आपले सगळे पासवर्ड ती कुलूपबंद, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवते. ती उघडायला एकच मोठा पासवर्ड लागतो, त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात. बाकीचे ती स्वतःच तयार करते, लांबलचक आणि निरर्थक, आणि लागतील तेव्हा स्वतःच भरते. याचा फायदा खरा आहे. आपण बहुतेकजणी एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतो. त्यातल्या एखाद्या साडीच्या दुकानाच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच पासवर्ड घेऊन आपल्या ईमेलच्या दाराशी उभा राहतो. शिवाय बँकेसारखी दिसणारी खोटी साइट समोर आली तर माणूस फसतो. मॅनेजर पत्ता जुळवून पाहतो आणि तिथे पासवर्ड भरतच नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह घाला, हा जो धाक आपल्याला घातला जातो, तोही आता जुना झाला आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्येच सांगितलं की उगाच बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची. तेव्हा मास्टर पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, परात, एसटी, हळद, जिना, खुरपं असे, तर ते कुठल्याही आकड्या-चिन्हांच्या कसरतीपेक्षा पक्कं आणि लक्षात राहणारं. (हेच पाच घेऊ नका. आता ते छापून आले.)

म्हणजे साधन चांगलं आहे. पण ते काही गोष्टी गृहीत धरतं. फोन तुमचा आहे. त्याचं कुलूप फक्त तुम्हाला उघडतं. ईमेल तुमचा आहे. सिम तुमच्या नावावर आहे. आणि घरात तुम्हाला कुणी मारत नाही. आता आपल्या देशाचं पाहू. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ७९ जणींनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असं बँकेचं खातं आपल्याला आहे. स्वतः वापरतो असा मोबाईल आहे असं सांगणाऱ्या होत्या ५४. मधल्या पंचवीस जणींच्या खात्याचे मेसेज कुणाच्या फोनवर वाजत असतील? माझ्या मते पासवर्ड मॅनेजरची चर्चा या पंचवीस जणींपासून सुरू व्हायला हवी. ती सुरू होते तारे मोजण्यापासून.

आता आमच्याच केंद्राची चूक सांगते. दुसऱ्याला बोल लावायचा तर आधी आपलं पदर तपासावं.

दोनेक वर्षांपूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी बाई आमच्याकडे येऊ लागली. नवरा मारायचा, पण त्याहून ती त्याच्या तपासणीला कंटाळली होती. रोज रात्री जेवणं झाली की फोन त्याच्या हातात द्यायचा, तो एकेक मेसेज वाचणार, हा तिच्या घरचा परिपाठ. तिने गुपचूप वेगळ्या बँकेत खातं काढलं होतं, वकिलाशी ईमेलवर बोलणं सुरू केलं होतं, अंगावरच्या वळांचे फोटो जपून ठेवले होते. एवढं सगळं लक्षात ठेवता येईना. मी नुकतीच एक कार्यशाळा करून आले होते आणि उत्साहात होते. तिच्या फोनवर एक नावाजलेला पासवर्ड मॅनेजर उतरवला, ॲपच्या गर्दीत मागे कुठेतरी लपवला, उत्तम मास्टर पासवर्ड करून दिला. नोंदणीला ईमेल लागतो. तिचा जुनाच ईमेल घातला, कारण तोच तिच्या लक्षात होता.

तो ईमेल साखरपुड्यानंतर नवऱ्याने उघडून दिला होता. त्याच्या लॅपटॉपवर तो कायम उघडा असे. नव्या फोनवरून तिजोरी उघडली गेली की चांगला मॅनेजर लगेच ईमेल पाठवतो, 'हे तुम्हीच आहात ना' म्हणून. सुरक्षेसाठी. तो ईमेल त्याने वाचला.

तिने 'ऑफिसचं आहे' म्हणून पाहिलं. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि उघडायला लावलं. आत काय होतं? सगळंच. नवं खातं, वकिलाचा ईमेल, फोटो ठेवलेलं ठिकाण, आमच्या केंद्राचं नाव. एरवी ज्या गोष्टी शोधायला त्याला सहा महिने लागले असते, त्या आम्ही एका जागी, नीट नावं घालून, रचून ठेवल्या होत्या. त्या रात्री ती अंगावरच्या कपड्यांनिशी मावशीकडे गेली. आज ती बहिणीकडे सुखरूप आहे, नोकरी टिकली आहे, खटला चालू आहे. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. मी देते.

त्या ॲपमध्ये खोट नव्हती. ते ज्या कामासाठी केलेलं होतं ते त्याने चोख केलं. खोट आमच्या विचारण्यात होती. तिजोरीची गंमत अशी की ती सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात ओवते. बाहेरच्या चोराला जुडगा सापडत नाही, म्हणून ती सोय. घरातल्या माणसाला जुडगा हिसकावता येतो, म्हणून तोच धोका. सासूने कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिला म्हणजे सून घराची मालकीण झाली, असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. जुडगा तिच्या कमरेला असायचा, पण कपाट कधी उघडायचं ते दुसरंच कुणीतरी ठरवायचं.

त्यानंतर आम्ही विचारायला शिकलो. फोन कुणी घेतला, त्याचा पॅटर्न कुणाकुणाला माहीत आहे, त्यात बोटं कुणाकुणाची नोंदवलेली आहेत? (हे बऱ्याचजणींना माहीत नसतं. बोटाने उघडणाऱ्या तिजोरीला बोट कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही. फोनमध्ये नवऱ्याचं बोट आधीपासून नोंदवलेलं असेल तर ती त्यालाही उघडते.) सिम कुणाच्या नावावर? ईमेल कुणी उघडला, आणि तो विसरला तर परत मिळवायचा नंबर कुणाचा? मुलगा किंवा दीर फोन 'दुरुस्त' करून देतो का? आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न: तू पासवर्ड बदललास हे त्याच्या लक्षात आलं तर त्या रात्री काय होईल?

याचं उत्तर 'काही नाही, चिडवेल जरा' असं असेल तर निवड सोपी आहे आणि त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. स्वतःचा फोन, स्वतःचं सिम, घरात धाक नाही, अशा मैत्रिणीने बिटवॉर्डन घ्यावं. पैसे न भरताही त्यात हवे तेवढे पासवर्ड हव्या तेवढ्या फोन-संगणकांवर ठेवता येतात, आणि ते कसं बनवलंय हे कुणालाही तपासता येतं, कारण त्याचा मजकूर खुला आहे. मास्टर पासवर्ड विसरला तर मात्र कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून बहिणीकडे बंद पाकिटात ठेवा. नवं ॲप नकोच असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा मॅनेजर असतोच, तोही काही वाईट नाही. फक्त लक्षात घ्या, फोनचं कुलूप ज्याला उघडतं त्याला तिथले सगळे पासवर्ड दिसतात, आणि तुमचं गुगल खातं घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर चालू असेल तर ते तिथेही जाऊन बसू शकतात. मुलाच्या अभ्यासासाठी आईचंच खातं वापरणारी घरं मी मोजायची सोडून दिली आहेत.

वहीबद्दल मात्र मला शिबिरातल्या वक्त्यांशी भांडायचं आहे. 'वहीत लिहू नका' हा उपदेश कुणासाठी? सत्तरीच्या एकट्या राहणाऱ्या आत्याबाईंसाठी गोदरेजच्या कपाटातली वही हा उत्तम पासवर्ड मॅनेजर आहे. दूरदेशीच्या चोराला ती वही दिसत नाही. तिला चार्जिंग लागत नाही, अपडेट लागत नाही. आत्याबाईंना वही नको म्हणून सांगितलं की त्या काय करतात? सगळीकडे नातवाचं नाव आणि १२३ टाकतात. घरात धाक असलेल्या बाईची वही मात्र पहिल्या झडतीत सापडते. म्हणजे वही चांगली की वाईट, याला उत्तर नाही. कुणाची वही आणि कुणाच्या घरात, याला आहे.

धाक असलेल्या घरातल्या बाईला काय सांगायचं? लॅबवाल्या बाईनंतर आम्ही पद्धत बदलली. तिच्या रोजच्या फोनवर काहीही उतरवायचं नाही. जुने पासवर्ड आहेत तसे राहू द्यायचे, कारण बदल दिसतो आणि बदल दिसला की मार वाढतो. पहिलं काम नवा ईमेल, आणि तोही केंद्राच्या संगणकावर, परत मिळवायचा नंबर तिच्या विश्वासातल्या बाईचा. मग कीपास. हा २००३ पासून असलेला, फुकट, दिसायला कळकट प्रोग्रॅम आहे. त्याला खातं लागत नाही, ईमेल लागत नाही, तो कुणाला 'तुम्हीच ना' असं विचारत नाही. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात, फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह केंद्राच्या कपाटात. फाइल उघडायचे शब्द फक्त तिला माहीत. आम्हाला नाहीत. पेनड्राइव्ह बिघडतात, म्हणून एक प्रत दुसऱ्या कपाटात. तक्त्यांत कीपासला तारे कमी मिळतात, कारण तो फोनवर आपोआप हजर होत नाही. आमच्या बायकांसाठी तोच त्याचा गुण आहे.

पण हेही पुरेसं नाही, कारण आपल्याकडे पासवर्ड ही अर्धीच किल्ली. उरलेली अर्धी म्हणजे ओटीपी, आणि तो सिमवर येतो. यूपीआयचा पिन विसरला असं सांगून नवा करायचा तर डेबिट कार्डावरचे आकडे आणि ओटीपी एवढं पुरतं. कार्ड त्याच्या पाकिटात आणि सिम त्याच्या फोनमध्ये असेल तर तुमच्या पिनला अर्थच राहत नाही. म्हणून मी आता बायकांना सांगते, पासवर्ड मॅनेजरचं पुढच्या महिन्यात बघू, आधी स्वतःच्या नावाचं सिम. आणि व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा. तिथे अनोळखी संगणक दिसला तर कुणीतरी तुमचं बोलणं वाचतंय, आणि त्याला तुमचा कुठलाच पासवर्ड लागलेला नाही.

सरकारचं तरी वेगळं काय? ऑगस्ट २०२४ पासून 'माझी लाडकी बहीण' योजनेचे महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. पैसे थेट बाईच्या खात्यात, याचं मी तेव्हा स्वागत केलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं, आणि तिच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागितला गेला. उत्पन्न तपासायचं होतं, हे कारण मला समजतं. पण नवऱ्याने टाकलेली बाई त्याच्या दारात जाऊन 'फोनवर आलेला नंबर सांगा' म्हणेल आणि तो सांगेल, हे कागद करणाऱ्यांनी गृहीत कसं धरलं? अर्ज भरायला ती सेवा केंद्रावर गेली तर तिथला मुलगा स्वतःच पासवर्ड ठरवतो, स्वतःच्या वहीत लिहितो. त्या वहीत अख्ख्या गावच्या बायकांचे पासवर्ड असतात. बरेचदा सगळ्यांचा एकच.

इथे मला नेहमी ऐकवलं जातं: "ताई, तुम्ही संसारात संशय घालता. नवरा-बायकोत विश्वास हवा." हवाच. पण हा विश्वास एकेरी का? करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये, आमच्याकडे विधवा झालेल्या तरुण बायका रांगेने आल्या. त्यांचे फोन, त्यांचे पासवर्ड नवऱ्यांना पाठ होते. नवऱ्याचं खातं कुठल्या बँकेत, विमा कुठला, कर्ज कुणाचं, फोनचा पॅटर्न काय, यातलं एकही त्यांना माहीत नव्हतं. एकीने नवऱ्याच्या फोनवर अंदाजाने इतके पॅटर्न काढून पाहिले की फोनने पुढचा प्रयत्न करायलाच मनाई केली. तो विश्वास मला दाखवा. काही मॅनेजरमध्ये, बिटवॉर्डनच्या विकतच्या प्रकारातही, एक सोय असते. आपण आधी नेमून ठेवलेल्या माणसाने मागणी केली आणि ठरावीक दिवसांत आपण नकार दिला नाही, तर तिजोरी त्याला उघडते. ज्याला खरोखर विश्वास दाखवायचा आहे त्याने आधी आपल्या तिजोरीवर बायकोचं नाव घालावं. बायकोचा पॅटर्न मागणं हे विश्वासाचं नव्हे, मालकीचं लक्षण आहे.

आणि हे आता केवळ आपलं म्हणणं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयासमोर एका घटस्फोटाच्या खटल्यातला नवरा बायकोच्या फोनचा कॉल तपशील मागत होता. न्यायालयाने तो नाकारला, आणि नवरा बायकोला फोनचे किंवा बँकेचे पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही, तसं करणं कौटुंबिक हिंसाही ठरू शकते, असं म्हटलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. हे कलम नवऱ्याला वगळत नाही. पण फार हुरळूनही जाऊ नका. त्याच जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराशी झालेलं बोलणं चोरून रेकॉर्ड केलेलं असलं तरी वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. म्हणजे पासवर्ड मागायचा नाही, पण चोरून टिपलं तर न्यायालय ऐकून घेईल. बायकांनाही याचा उपयोग होईल, असं काही वकील मैत्रिणी म्हणतात. होईल कधी कधी. पण घरात टिपण्याची साधनं आणि सवड कुणाकडे जास्त असते, हे त्यांनीच सांगावं.

राहता राहिल्या कंपन्या. त्यांच्या जाहिरातीत हल्ली 'कुटुंब योजना' फार दिसते. एकाने पैसे भरायचे, पाचसहा जणांनी वापरायचं, आणि त्या कुटुंबाला एक व्यवस्थापक. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव लावायला आपल्याला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापर्यंत थांबावं लागलं. इथे पुन्हा ज्याचं कार्ड तो प्रमुख. व्यवस्थापकाला तुमचे खासगी पासवर्ड दिसत नाहीत असं चांगल्या कंपन्या सांगतात आणि ते खरंही असतं. पण तुम्हाला योजनेतून काढून टाकणं त्याच्या हातात असतं. म्हणून स्वतःचं वेगळं, फुकटचं खातं बरं. विकतचं घेणार असाल तर पैसे कुठल्या खात्यातून जातात आणि त्याचा मेसेज कुठल्या फोनवर वाजतो, हे आधी पाहा.

फुकटालाही जपून. लास्टपास या प्रसिद्ध मॅनेजरने २०२१ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना सांगितलं, फोन किंवा संगणक, दोन्हीपैकी एकच निवडा. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्यांच्याकडून लोकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते. पण कुठल्या साइटचे पासवर्ड आहेत ते पत्ते उघडे होते. बातम्या लिहिणाऱ्यांना तो तपशील दुय्यम वाटला. मला नाही वाटत. एखाद्या बाईच्या तिजोरीत वकिलाची साइट, गर्भपाताची माहिती देणारी साइट आणि नवं बँक खातं आहे एवढं कळलं, तरी तिचं सगळं कळतं. तेव्हा निवडताना पासवर्डच नव्हे, पत्ते आणि नावंही कुलपात जातात का, हे विचारा. बिटवॉर्डनमध्ये जातात, कीपासच्या फाइलमध्येही जातात.

आमच्या चळवळीतल्याही काहीजणींना हा विषय शहरी आणि चोचल्याचा वाटतो. "पाणी नाही, रेशन नाही आणि तू पासवर्ड काय घेऊन बसलीस?" असं मला एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारलं. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. त्यानंतर कितीजणींनी आपला सातबारा स्वतःच्या हाताने कचेरीतून काढला, हे त्या ज्येष्ठ बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता सातबारा, रेशन, मजुरी, मुलीची शिष्यवृत्ती, सगळंच फोनमधून येतं.

केंद्राच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये आम्ही आता फोन, सिम, ईमेल आणि पॅटर्न असे चार रकाने वाढवले आहेत. भरायला वेळ लागतो, बायका आधी बुचकळ्यात पडतात, मग भडाभडा बोलतात. ते रकाने भरल्याशिवाय कुणालाही कुठलंही ॲप सुचवायचं नाही असं ठरलं आहे. त्या आशाताईला मी नंतर शोधून काढलं. डिस्प्ले अजून बदललेला नाही, दुकानदार अठराशे मागतो. तिचे पासवर्ड तूर्त तिच्या आईकडच्या एका वहीत आहेत, आणि वही कुठे आहे हे तिने मलाही सांगितलेलं नाही. ज्या मैत्रिणींनी आपल्या गावी, आपल्या संघटनेत असं काही करून पाहिलं असेल, त्यांनी आपल्या चुकांसकट लिहून पाठवावं. पत्रात कुणाचं नाव, गाव, नंबर मात्र घालू नये.